पाणी काढून घेतलेलं अंडं

साडेबारा ग्रॅम फिकट पिवळी पूड घ्या, तिच्यात ३८ मिलिलिटर पाणी घाला आणि गुठळी न ठेवता ढवळा. एक अंडं तयार झालं. हे कोंबडीनं घातलेलं खरंखुरं अंडंच आहे. कारखान्यात फोडून, गाळून, सुकवून ठेवलेलं. तव्यावर ओतलं तर आळतं, केकच्या मिश्रणात घातलं तर केक बांधून धरतं, पावावर ब्रशनं लावलं तर भाजताना तकाकी देतं. घातल्याला सहा महिने झाले असतील, कोंबडी हजार मैलांवरची असेल, तरी त्याच्या अंगचे बहुतेक गुण शाबूत असतात.

अंड्याची पूड म्हटलं की आपल्याकडे अनेकांना कस्टर्ड पावडरचा डबा आठवतो. त्या डब्यात अंडं नावालाही नसतं. बर्मिंगहॅममधल्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून १८३७ साली त्यानं मक्याच्या पिठानं दाट होणारं बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. आपल्या फ्रूट कस्टर्डचा उगम तो. इथे गोष्ट आहे ती अगदी उलट्या डब्याची. त्यात अंड्याशिवाय दुसरं काहीच नसतं. फक्त अंड्यातलं पाणी तेवढं काढून घेतलेलं असतं.

आणि अंड्यात पाणी पुष्कळ असतं. कवच बाजूला ठेवलं तर आतल्या ऐवजात ७५ टक्के पाणी, साडेबारा टक्के प्रथिनं, दहाएक टक्के स्निग्धांश, आणि उरलेल्या चिमूटभरात क्षार, जीवनसत्त्वं आणि किंचित साखर. पांढऱ्या भागात तर ८८ टक्के पाणीच असतं. बलकात मात्र निम्मं. पाणी गेलं की दोन गोष्टी एकदम साधतात. वजन चौथाईवर येतं, आणि जिवाणूंना वाढायला लागणारा ओलावाच उरत नाही.

या हलकेपणाची किंमत ब्रिटनला दुसऱ्या महायुद्धात कळली. युद्धाआधी ब्रिटन डेन्मार्क, हॉलंडसारख्या देशांकडून अंडी आणत असे. १९४० साली हे दोन्ही देश जर्मनीच्या ताब्यात गेले. देशातल्या कोंबड्यांचं खाद्यही बोटीनं येणारं; ते आटलं तेव्हा कोंबड्याही कमी कराव्या लागल्या. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या, त्यामुळे बोटीतल्या इंच इंच जागेचा हिशोब होत होता. ताज्या अंड्यांचं रेशन माणशी आठवड्याला एक, तेही दुकानात आलं तर.

अशा वेळी, १९४२ च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या लेंड-लीज मदतीतून सुक्या अंड्यांचे डबे ब्रिटिश दुकानांत आले. एका डब्यात पाच औंस, म्हणजे साधारण १४० ग्रॅम पूड. तेवढ्यात बारा अंडी. कवचासकट बारा अंड्यांचं वजन ७०० ग्रॅमच्या वर जातं, शिवाय खोकी, भुसा, थंड जागा आणि वाटेत फुटणारी अंडी वेगळी. पुडीला यातलं काही लागत नव्हतं. दर चार आठवड्यांना एका रेशनपुस्तकावर एक डबा मिळू लागला, आणि ज्या माणसाच्या वाट्याला महिन्याला चार अंडी येत होती त्याच्या वाट्याला सोळा येऊ लागली. अमेरिकेत या एका मागणीवर अख्खा उद्योग उभा राहिला. १९४४ साली तिथे ३० कोटी पौंडांहून जास्त सुकं अंडं तयार झालं.

ब्रिटनच्या अन्नखात्यानं युद्धकाळच्या स्वयंपाकाची पत्रकं छापली होती. त्यांतलं अकरावं पत्रक सुक्या अंड्यांचं. एक सपाट मोठा चमचा पूड, दोन मोठे चमचे पाणी, पाच मिनिटं तसंच ठेवा, गुठळ्या मोडा, आणि मग ताज्या अंड्यासारखंच फेटा, अशी सूचना असे. बीबीसीवर रोज सकाळी ‘किचन फ्रंट’ हा कार्यक्रम लागायचा. तुटवड्याच्या त्या दिवसांत एखादं राष्ट्र रेडिओ लावून स्वयंपाक शिकत होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. लोकांची तक्रार होतीच. परतलेलं अंडं रबरासारखं लागतं, उग्र वास येतो, असं घरोघरी म्हटलं जाई. पण खरी साक्ष मिळाली १९४६ च्या फेब्रुवारीत. युद्ध संपलं होतं, लेंड-लीज बंद झालं होतं, डॉलर उरले नव्हते. अन्नमंत्री बेन स्मिथ यांनी सुक्या अंड्यांची आयात थांबवायचं जाहीर केलं आणि ब्रिटनभरच्या गृहिणी खवळून उठल्या. सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. चार वर्षं ज्याला नावं ठेवली, तेच काढून घेताच स्वयंपाकघर अडतं हे त्यांना कळून चुकलं होतं. ताजी अंडी रेशनमधून मोकळी व्हायला तिथे १९५३ साल उजाडलं.

आता मूळ कोड्याकडे येऊ. पूड करायची म्हणजे सुकवायचं, आणि झटपट सुकवायचं म्हणजे तापवायचं. पण अंडं तापलं की शिजतं! पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास आळू लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. एकदा शिजलं की परतीची वाट नाही. उकडलेलं अंडं वाळवून दळलं तर पूड मिळेल, पण ती पाण्यात विरघळणार नाही आणि केकला तिचा काडीचा उपयोग होणार नाही. बरं, न तापवता उन्हात वाळवण घालावं, तर सुकायच्या आधीच नासेल. मग या पुडीतलं अंडं कच्चं राहिलं कसं?

यासाठी वापरतात ती पद्धत ऐकल्यावर आधी चूक वाटते. अंड्याचा रस १५० ते २०० अंश तापलेल्या हवेत फवारतात. उंच, धातूच्या, आतून रिकाम्या अशा मनोऱ्यात वरून बारीक तुषार सुटतात, त्यांच्याभोवती उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम हवा घोंघावते, आणि तळाशी पडते ती कच्च्या अंड्याची कोरडी पूड. फवारून सुकवण्याच्या या कल्पनेचं एक पेटंट सॅम्युएल पर्सी यांनी अमेरिकेत १८७२ सालीच घेतलं होतं. ती व्यवहारात रुळायला मात्र बरीच वर्षं लागली.

गुपित तुषारांच्या आकारात आहे. एक लिटर अंड्याचा रस म्हणजे साधारण वीस अंडी. तो चौकोनी डब्यात असेल तर त्याच्या सहाही बाजू मिळून पाऊण चौरस फूटही भरत नाहीत. त्याच लिटरचे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे थेंब केले, तर दीड हजार कोटी थेंब होतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो १२० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १,३०० चौरस फूट! एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून पाणी काही सेकंदांतच उडून जातं. आणि पाणी उडताना उष्णता खातं. आपल्या माठातलं पाणी मे महिन्याच्या झळांतही गार राहतं ते याच न्यायानं: झिरपलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. अंड्याचा थेंबही ओला असेपर्यंत स्वतःला असाच गार ठेवतो. भोवतीची हवा १८० अंशांवर असली तरी थेंब चाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच राहतो. पाणी संपत आल्यावर तो तापू लागतो, पण तोवर हवाही उष्णता देऊन देऊन साठ-ऐंशी अंशांपर्यंत उतरलेली असते.

तरी एक शंका उरते. ऐंशी अंशही अंडं शिजायला पुरेसेच आहेत. इथे जे घडतं ते मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. अंडं ‘शिजतं’ म्हणजे काय, तर गुंडाळी करून बसलेले प्रथिनांचे लांब रेणू उष्णतेनं उलगडतात, हलतात, एकमेकांत अडकतात आणि जाळं बनतं. या हालचालीला पाणी लागतं. पाणीच नसेल तर रेणू जागच्या जागी जखडलेले राहतात आणि उष्णता त्यांचं फारसं काही करू शकत नाही. सुकलेलं अंडं म्हणूनच शिजत नाही. पांढऱ्या भागाची पूड तर कारखान्यात मुद्दाम गरम खोलीत ठेवतात. निदान ५४ अंशांवर सलग सात दिवस, आणि कित्येक ठिकाणी याहून बऱ्याच जास्त तापमानाला. उरलेसुरले जिवाणू मरावेत हा हेतू. इतके दिवस उबेत राहिलेली ती पूड पाण्यात घातली की कच्च्या पांढऱ्यासारखी विरघळते. ओल्या अंड्याला हीच आच दिली असती तर ते केव्हाच घट्ट झालं असतं. आणखी नवल असं की गरम खोलीतून निघालेली पूड आधीपेक्षा चांगला फेस धरते आणि आळल्यावर जास्त घट्ट होते. रेणू सुक्या अवस्थेत किंचित सैल होतात, पूर्ण सुटत मात्र नाहीत, आणि हा सैलपणा पुढे फेटताना उपयोगी पडतो.

आता त्या किंचित साखरेकडे. पांढऱ्या भागात ग्लुकोज अर्धा टक्कासुद्धा नसतं. ताज्या अंड्यात ते जाणवतही नाही. पण पाणी काढून घेतलं की उरलेल्या ऐवजात तेच तीन-चार टक्क्यांवर जातं, आणि प्रथिनांना खेटून बसतं. साखर आणि प्रथिनं अशी शेजारी राहिली की सावकाश एकमेकांशी अभिक्रिया करतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ साली हिचं वर्णन केलं. पावाची खरपूस साल, भाजलेल्या कॉफीचा रंग आणि दरवळ, हे सगळं तिचंच देणं. ओव्हनमध्ये ती हवीहवीशी असते, डब्यात मात्र नको असते. साठवलेली पूड महिन्यागणिक तपकिरी होत जाते, वास बदलतो, पाण्यात विरघळेनाशी होते आणि फेस धरत नाही.

यावरचा उपाय शास्त्रज्ञांच्या आधी चिनी कारागिरांच्या हाती होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाला सुकं अंडं पुरवणारा मोठा देश चीनच होता. तिथे पांढरा भाग सुकवण्याआधी काही दिवस आंबू देत, मग उथळ ताटांत पसरून मंद आचेवर त्याचे पारदर्शक कपटे करत. आंबवलेला माल टिकतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. का टिकतो, ते नंतर उलगडलं: आंबवणारे जिवाणू ती साखर खाऊन टाकत होते. आज हेच काम पावाच्या यीस्टकडून करून घेतात, किंवा ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराकडून. विकराची रीत फार देखणी आहे. तो ग्लुकोजचं आम्लात रूपांतर करतो, पण त्याला त्यासाठी ऑक्सिजन लागतो. म्हणून टाकीत थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. दुसरा विकर, कॅटलेज, ते फोडून पाणी आणि ऑक्सिजन मोकळं करतो, आणि पहिला तो ऑक्सिजन उचलतो. साखर संपली की काम थांबतं. असा माल वर्षभर ठेवला तरी पांढरा राहतो.

एक जागा मात्र युद्धाच्या घाईत राहून गेली होती. फवारून सुकवताना थेंब गार राहतो म्हणून प्रथिनं वाचतात, हे खरं. पण त्याच कारणानं जिवाणूही वाचतात. अंड्याला न दुखावता सुकवणारी पद्धत साल्मोनेला या जिवाणूलाही दुखावत नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं १९४७ साली फवारून सुकवलेल्या अंड्यातल्या जिवाणूंवर अहवाल काढला. बाहेरून आलेल्या पुडीबरोबर साल्मोनेलाचे असे प्रकार देशात आले होते, जे तिथे आधी फारसे कुणी पाहिलेही नव्हते. त्यानंतरच्या काळात सुकवण्याआधी रस पाश्चरीकृत करायची सक्ती आली. हे काम तारेवरची कसरत आहे. जिवाणू मरायला हवेत आणि अंडं आळायला नको, आणि या दोन तापमानांत अंतर अगदी थोडं. अमेरिकेत पूर्ण अंड्याचा रस ६० अंशांवर साडेतीन मिनिटं ठेवतात. ब्रिटननं १९६३ साली ६४.४ अंशांवर अडीच मिनिटं हा नियम केला. पांढरा भाग जास्त नाजूक, त्याला ५६-५७ अंशांवरच आवरतं घ्यावं लागतं, आणि म्हणूनच त्याच्या पुडीला पुढे ती गरम खोली दाखवतात.

या सगळ्यातून तावून निघालेली पूड स्वयंपाकघरात काय करते? बरंच काही करते, आणि एक गोष्ट करत नाही. ती गोष्ट समजली की अंडंच नव्यानं कळतं.

युद्धकाळात ब्रिटिश घरांतून कायम येणारी तक्रार म्हणजे स्पंज केक फुगत नाही. लोण्याचा केक होतो, पुडिंग होतं, बिस्किटं होतात. पण ज्या केकमध्ये नुसती अंडी आणि साखर फेटून फेस उभा करायचा, तो बसतो. कारण बलकात आहे. ताज्या बलकातला स्निग्धांश प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात असतो, त्यामुळे फेसाच्या वाटेत तो येत नाही. सुकवताना यातली काही वेष्टनं फाटतात, स्निग्धांश मोकळा होतो, आणि मोकळं तेल फेसाचा वैरी. फेटायच्या भांड्याला तूप लागलेलं असेल तर पांढरा भाग फुगत नाही, हे केक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पूर्ण अंड्याच्या पुडीत तो तुपाचा हात आतूनच लागलेला असतो. केंब्रिजच्या लो टेंपरेचर रिसर्च स्टेशनमध्ये युद्धकाळातच यावर काम झालं आणि सुकवण्याआधी रसात साखर मिसळली तर पुडीची फेस धरायची ताकद बरीच टिकते असं दिसलं. पाणी गेल्यावर साखर त्या गोळ्यांभोवतीची जागा धरून ठेवते. ग्लुकोज पुडीचा नाश करतं आणि उसाची साधी साखर तिला जपते. एकाच टाकीत साखरेचे हे दोन स्वभाव दिसतात.

नुसत्या पांढऱ्याच्या पुडीत हा अडथळा नाही. तिचा फेस ताज्या अंड्यालाही मागे टाकतो. मॅकरॉन करणारे बेकर ताज्या पांढऱ्यात चमचाभर पूड मुद्दाम घालतात, कारण तिनं पाणी न वाढता प्रथिनं वाढतात आणि फेस टिकाऊ होतो. लग्नाच्या केकवरचं रॉयल आयसिंग न शिजवता खायचं असतं. तिथे कच्च्या अंड्यापेक्षा पाश्चरीकृत पूड वापरणं शहाणपणाचं. खरेदी करताना एवढं पाहा की ‘मेरँग पावडर’ आणि ‘एग अल्ब्युमिन पावडर’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत साखर, स्टार्च, डिंक असे सोबती असतात, दुसरीत बहुतेक नुसता पांढरा भाग. कृतीत एक लिहिली असेल तर दुसरी त्याच मापानं चालत नाही.

आता भांड्याकडे. पूर्ण अंड्याची पूड पाण्यात एकदम टाकली की हटकून गोळे होतात. बाहेरची पूड ओली होऊन तिचा चिकट पापुद्रा बनतो आणि आतली कोरडीच राहते. तो गोळा चमच्यानं दाबला तर फुटतो आणि आतून पिवळा धुरळा निघतो. म्हणून पूड आधी चाळा. तिच्यात तिच्याच वजनाइतकं पाणी घालून घट्टसर लगदा करा, तो चकचकीत होईपर्यंत घोटा, मग उरलेलं पाणी थोडं थोडं घाला. पाणी साधं किंवा कोमट असावं. कढत पाण्यात कडा शिजतात आणि रवाळपणा येतो. नंतर पाच-दहा मिनिटं ठेवून द्या. या वेळात रंग फिकट पिवळ्यावरून ताज्या अंड्याच्या पिवळ्याकडे सरकतो आणि मिश्रणाला अंड्याची ती ओळखीची किंचित तार येते. प्रथिनं पाणी पिऊन पुन्हा उघडली, एवढं त्यावरून समजावं.

मापं चमच्यापेक्षा वजनानं घेतलेली बरी, कारण पूड कधी भुरभुरीत बसते तर कधी दाबलेली. पूर्ण अंड्याच्या पुडीला तिप्पट पाणी, पांढऱ्याच्या पुडीला सात-आठ पट, बलकाच्या पुडीला जवळजवळ तिच्याइतकंच. पांढऱ्याची पूड भिजायला जास्त वेळ घेते. तिला अर्धा तास द्यावा आणि मधूनमधून हळू ढवळावं, जोरात फेटलं तर न भिजलेल्या पुडीवर फेस चढतो. केक, कुकी, ब्राउनी, मफिन यांत तर आधी भिजवायचीही गरज नाही. पूड मैद्याबरोबर चाळून घ्या आणि तिच्या वाट्याचं पाणी दुधात मिसळा. दोन अंड्यांच्या केकला २५ ग्रॅम पूड आणि ७५ मिलिलिटर जादा पाणी, एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं. फेसावर उभ्या राहणाऱ्या केकऐवजी बेकिंग पावडरवर फुगणारा केक निवडा. पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, ब्रेड पुडिंग, कॅरमेल कस्टर्ड हे पदार्थ या पुडीला चांगले मानवतात. वेलची, जायफळ, कोको, व्हॅनिला यांतलं काही असेल तर सुक्या अंड्याचा थोडा जड वास जाणवत नाही. एकदा भिजवलेली पूड म्हणजे फोडलेलं अंडं. ती लगेच वापरायची आणि नीट शिजवायची.

टिकवण्याची गोष्ट आपल्या हवेत वेगळी सांगायला हवी. पूर्ण अंड्याच्या आणि बलकाच्या पुडीत चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक स्निग्धांश असतो, म्हणून तिचे तीन शत्रू: हवा, उजेड आणि ऊब. मिटलेलं पाकीट थंड, अंधाऱ्या जागी साधारण वर्षभर चांगलं राहतं. उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा नियम अजिबात मोडू नये. पाच टक्क्यांहून कमी ओलावा असलेली ही पूड दमट हवेतलं पाणी चटकन ओढते, तिचे खडे होतात आणि टिकाऊपणा संपतो. ओला चमचा डब्यात गेला तरी तेच. पांढऱ्याच्या पुडीत स्निग्धांश जवळजवळ नसतो, ती कितीतरी जास्त काळ टिकते.

ही वस्तू आपल्याला परकी वाटते, पण ती आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर बनते. २०२३-२४ साली भारतात १४ हजार कोटींहून जास्त अंडी निघाली. तामिळनाडूत नामक्कल-इरोडच्या पट्ट्यात कोंबडीपालन फार मोठं आहे. इरोडजवळ एसकेएम आणि कर्नाटकात ओव्होबेल या कंपन्या अंडी फोडून पूड करतात, आणि ती जपान, युरोपसारख्या बाजारांत जाते. तिथे तिचे नूडल्स होतात, मेयोनीज होतं, केक होतात. आपल्या वाण्याच्या फळीवर मात्र ती क्वचितच दिसते. ती मिळते केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन. मला हे खटकतं. ज्या गावात उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात, जिथे वीज तासन्‌तास जाते, जिथे घरगुती केक विकणारी बाई सणाच्या आठवड्यात अंड्यांचे ट्रे शोधत फिरते, तिथे या पुडीचा उपयोग शहरापेक्षा जास्त आहे. गिर्यारोहकांच्या आणि सैनिकांच्या शिध्यात तिला जागा मिळाली ती वजनामुळे. घरातल्या डब्यांत तिला मिळायला हवी ती भरवशामुळे.

घेताना पाकिटाच्या मागची बाजू वाचा. ‘होल एग पावडर’ म्हणजे पूर्ण अंडं, ‘योक पावडर’ म्हणजे बलक, ‘अल्ब्युमिन’ म्हणजे पांढरा भाग. घटकांच्या यादीत अंड्याखेरीज फारसं काही नसावं, आणि बनवल्याची तारीख जितकी जवळची तितकं बरं. पहिल्यांदा लहान पाकीट आणा आणि तुमचा नेहमीचा, हातखंडा लोण्याचा केक ती वापरून करून बघा. ऑम्लेट आणि हाफ फ्रायसाठी ताजी अंडीच आणावीत.